संयोगिताचं सगळं बोलणं

"पद्मा, ती जे जे म्हणंल ते सगळंच बोलून दाखवू नकोस हं," इंदूकाकी म्हणाल्या. "जरा बघून सांग. नवीन माणसं आहेत."

त्यांनी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. ओट्यावर बशा मांडून ठेवल्या होत्या. मागच्या दारातून बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी दिसत होती आणि वाळत्या द्राक्षांचा आंबूस-गोड वास थेट स्वयंपाकघरात येत होता. मार्च महिना होता. तासगावात त्या दिवसांत घरोघरी हाच वास.

काकींच्या एका बाजूला, जरा मागे, दाराच्या चौकटीत, त्यांची मुलगी उभी होती. संयोगिता. मोरपंखी साडी, केसांत अबोली, आणि नजर आमच्या ओठांवर. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ओठांवरून ती निम्मं ताडायची, निम्मं चुकायची. आईचं घरातलं रोजचं, तुटक बोलणं मात्र लहानपणापासून बघत आल्यामुळे ताडताना फारशी चुकायची नाही. तिने दोन बोटांची कात्री करून माझ्याकडे बघितलं आणि ठामपणे मान हलवली. कापायचं नाही.

काकी मागे वळल्या तेव्हा ती पदर सारखा करत होती.

आम्ही दोघी एम.एस्सी.च्या वर्गात एकत्र होतो. नकाशे आणि उपग्रहांच्या फोटोंचं ते शिक्षण. संगणकावर बसायचं आणि डोळे फोडायचे. संयोगिता त्यात आम्हा सगळ्यांच्या पुढे होती, पण वर्गात एकटीच बसायची. कुणाला काही सांगायचं असलं की मोबाईलवर टाइप करून दाखवायची. "उद्या मी येणे नाही. पोट दुखतो." असली वाक्यं. आम्हाला वाटायचं, पोरीची आकलनशक्ती बेताची आहे. मराठी ही तिच्यासाठी कधीच न ऐकलेली, फक्त कागदावरून उचललेली परकी भाषा आहे, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी स्वतः इंग्रजीत असंच लिहायचे, तरी नाही आलं.

एकदा प्रात्यक्षिकासाठी सरांनी आमच्या जोड्या लावल्या. मोबाईलमधलं ॲप उघडून टेकडीवरच्या विहिरी, वाटा, झाडं यांच्या नोंदी करायच्या होत्या. माझ्या जोडीला संयोगिता आली. वर चढेपर्यंत तिच्या मोबाईलची बॅटरी संपली. माझ्या मोबाईलवर नोंदी चालू होत्या. तिला मला काहीतरी सांगायचं होतं. तिने हात हलवले, थांबली, सावकाश पुन्हा हलवले. मी मख्खासारखी बघत राहिले. मग तिने हवेतच हात झटकला. "जाऊ दे." तेवढी खूण मला कळली. आपणही तशीच करतो. ती पुढे चालायला लागली आणि टेकडी उतरेपर्यंत तिने पुन्हा काही सांगायचा प्रयत्न केला नाही.

त्या "जाऊ दे"चा मला राग आला. म्हणजे तिचा नाही. तो इतका सवयीचा होता, त्याचा.

हॉस्टेलवर आल्यावर मी मोबाईलमध्ये खुणांची भाषा शिकवणारं एक ॲप घेतलं. माझी रूममेट वैजयंती आणि वर्गातला नौशाद, दोघांनाही त्यात ओढलं. वैजयंती रंगांची नावं झाल्यावर गळाली. नौशादने चिकाटीने फक्त क्रिकेटच्या खुणा शिकून घेतल्या आणि थांबला. मी मात्र शिकत राहिले. ही भाषा शिकताना पहिली अडचण अशी की दोन्ही हात लागतात, मग मोबाईल कोण धरणार? मी तो पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचे. टेबलावर हात आपटला की तो पालथा पडायचा. ॲपमधल्या बाईंचा उजवा हात माझ्यासमोर डावीकडे यायचा, त्यामुळे बरेच दिवस मी अर्धे शब्द उलट्या हातांनी करत होते. शिवाय त्या बाईंचे शब्द! हत्ती, जिराफ, विमानतळ. माझ्याजवळ जिराफ होता, पण "कंटाळा" नव्हता. "जेवलीस का" नव्हतं.

पहिल्यांदा मी संयोगितासमोर जाऊन, पाठ केल्याप्रमाणे, "माझं नाव पद्मजा मगदूम. तुला भेटून आनंद झाला" असं केलं, तेव्हा ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तिने स्वतःचा मोबाईल काढला आणि लिहिलं, "तू बातम्या वाचणे सारखी."

त्या दिवसापासून ती मला शिकवायला लागली. रोज एक छोटा व्हिडिओ पाठवायची. मेसच्या रांगेतला, बसमधला, कधी नुसत्या शिव्यांचा. मी तो वेग कमी करून दोनदा-तीनदा बघायचे आणि उत्तराचा व्हिडिओ करून पाठवायचे. तिच्याकडून लगेच दुरुस्ती यायची. "तुझे हात जागे आहेत, तोंड झोपलंय." या भाषेचं निम्मं व्याकरण भुवयांत असतं, हे ॲपमधल्या बाईंनी मला कधी सांगितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. संध्याकाळ होईतो दिवसाचं नेट संपत आलेलं असायचं. मग व्हिडिओ कॉलवर संयोगिताचे हात मध्येच गोठायचे, चौकोन चौकोन व्हायचे, आणि अर्धं वाक्य दुसऱ्या दिवसावर जायचं.

पण या सगळ्यातून जी मुलगी मला दिसायला लागली ती "पोट दुखतो" लिहिणारी मुलगीच नव्हती. ही मुलगी बोलताना थांबायची नाही. सगळ्या प्राध्यापकांच्या नकला करायची. भांडायची तर पोटातून भांडायची. एखादी गोष्ट सांगताना तिच्या हातांत अख्खा रस्ता उभा राहायचा, बस कुठून वळली, कंडक्टर कुठे उभा होता, सगळं. मला तिचं सगळं कळायचं नाही. मी "पुन्हा, सावकाश" म्हणायचे, आणि ती न चिडता पुन्हा सांगायची.

दुसऱ्या वर्षी सेमिनारला तिने मला तिच्यासाठी बोलायला उभं केलं. त्याआधी आम्ही दोघींनी दुभाष्यांचे खूप व्हिडिओ बघितले होते. त्यातल्या एका बाईंनी सांगितलेला नियम संयोगिताला फार आवडला होता. दुभाष्याने "ती म्हणतेय की" असं म्हणायचं नाही. सरळ "मी" म्हणायचं. कारण बोलणारी ती आहे, तुम्ही नाही. आज मी पुण्यात हेच काम करते. दवाखान्यात, कोर्टात, बँकेत, लोकांसाठी "मी" म्हणत असते. पण तेव्हा सेमिनारला सगळ्यांसमोर "मी हा नकाशा तयार केला आहे" म्हणताना माझी जीभ अडखळली होती. नकाशा मी तयार केला नव्हता ना.

आणि मग त्या मार्चमध्ये तिचा तासगावहून व्हिडिओ आला. मागे जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं होती.

"रविवारी मला बघायला येणार आहेत. तू ये. मागच्या वेळी लोक आले होते, तेव्हा त्यांनी काय विचारलं, आईने काय सांगितलं, मला काही माहीत नाही. मी सगळा वेळ पोह्यांच्या बशा बघत बसले. या वेळी त्यांचं सगळं मला कळलं पाहिजे आणि माझं सगळं त्यांना. कापायचं नाही."

म्हणून मी आले होते. आणि आता काकी म्हणत होत्या, जरा बघून सांग.

पाहुणे विट्याहून जीपने आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. मुलाचं नाव धैर्यशील. तिशी ओलांडलेला, पाण्याच्या मोटारींचं दुकान असलेला, जरा अवघडलेला माणूस. आत्याबाई अवघडलेल्या अजिबात नव्हत्या. बसल्या बसल्या त्यांनी घर, शेड आणि आप्पांच्या, म्हणजे संयोगिताच्या वडिलांच्या, तब्येतीचा अंदाज घेऊन टाकला.

संयोगिता पोहे घेऊन आली, ट्रे ठेवला आणि मला डोळ्यांनी खुर्ची दाखवली. आत्याबाईंच्या शेजारची. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या शेजारी बसायचं असतं, म्हणजे बघणाऱ्याला दोघंही एका नजरेत दिसतात. मी जाऊन बसले.

"पद्मा, अगं तू तिकडं पाव्हण्यांत कुठं बसलीस?" काकी म्हणाल्या.

"काकी, इथून तिला मी दिसते."

"ही कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

"तिची मैत्रीण," आप्पा म्हणाले. "हातानं बोलायचं शिकलीय. कॉलेजात."

आत्याबाईंनी माझ्याकडे जरा कौतुकाने बघितलं. मग त्या काकींकडे वळल्या आणि संयोगिता खोलीत नसल्यासारख्या बोलू लागल्या. मी ते सगळं हातांनी सांगत होते. स्वयंपाक येतो का. रागीट आहे का. एकटी घरात राहते का. दूरच्या गावी कधी राहिली का. काकी उत्तरं देत होत्या, तीही मी सांगत होते. संयोगिता शांतपणे बघत होती. मध्येच तिने धैर्यशीलकडे बघितलं, तो बशीतला शेंगदाणा बोटाने ढकलत होता.

"आमच्याकडं फार बोलायचं काही कामच पडत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "माणसं कमी. घरचं सगळं नीट बघितलं की झालं. आधीची दोन स्थळं मोडली ती तोंडाळ पोरींमुळंच. आम्हाला आता शांत मुलगी पाहिजे. म्हणून म्हटलं, हे चांगलं आहे."

मी ते सांगितलं. "तोंडाळ"ला माझ्याकडे शब्द नव्हता, म्हणून मी मुठीतून पंजे उघडत सारखं बोलणारं तोंड दाखवलं. संयोगिताच्या भुवया वर गेल्या. तिने पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढले.

तिने जे म्हटलं ते मला लख्ख कळलं. आणि काकींनी माझ्याकडे बघितलं. नजरेतच होतं, जरा बघून.

मी थांबले. संयोगिता माझ्या ओठांकडे बघत होती. तिला वाक्य ऐकू येणार नव्हतं, पण तिचं लांब वाक्य माझ्या तोंडातून आखूड होऊन निघालं असतं तर ते तिला दिसलंच असतं.

"मी शांत नाही," मी म्हणाले. "मी फार बोलते. तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तू नव्हं गं. तिचं म्हणत होते मी."

"तीच बोलतेय, आत्या. मी फक्त तोंड हलवतेय."

धैर्यशीलने पहिल्यांदा मान वर केली. त्याला हसू आलं होतं आणि ते लपवायचं कसं हे त्याला समजत नव्हतं.

संयोगिता आता थेट त्याच्याशी बोलायला लागली, आणि मी तिच्या मागोमाग. "मला तुम्हाला काही विचारायचं आहे. तुमच्या घरात मला ताप आला, पोटात दुखलं, तर मी कुणाला सांगू?"

"मला सांगायचं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "लिहून दाखवलंत तरी चालेल. मोबाईल आहेच की आता सगळ्यांकडं."

"लिहून मी किराणा मागवते," माझ्या तोंडून संयोगिता म्हणाली. "भांडण लिहून होत नाही. हसणंही लिहून होत नाही. मी विचारतेय, तुम्ही माझी भाषा शिकाल का? ही पद्मा मोबाईलवर शिकली. तिला पहिले सहा महिने काही येत नव्हतं, तिने मला एकदा 'तुझी म्हैस कशी आहे' असं विचारलं होतं. तिला 'आई' म्हणायचं होतं. तरी आम्ही बोललो. तुम्ही शिकाल?"

माझ्याच फजितीची गोष्ट मला मोठ्याने सांगावी लागली. आप्पा खाली मान घालून हसले. काकी हसल्या नाहीत. त्या टक लावून लेकीच्या हातांकडे बघत होत्या.

"शिकायचं काय आहे त्यात?" आत्याबाई म्हणाल्या. "चार खुणा काय, आपोआप कळतात. जेव, ये, जा..."

"चार खुणांवर गुरं राहतात," संयोगिता म्हणाली, आणि मी म्हणाले.

धैर्यशीलचे वडील, जे इतका वेळ गप्प होते, त्यांनी घसा खाकरला. आत्याबाईंचा चेहरा बदलला. पण धैर्यशीलने त्यांच्याकडे न बघता बशी खाली ठेवली आणि संयोगिताकडे बघत, सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, "खरं सांगू का? मला नाही जमायचं. दुकानातनं रात्री घरी येतो, तेव्हा मला मराठीसुद्धा बोलायचा कंटाळा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय. नाहीतर मी हो म्हणून मोकळा झालो असतो आणि तुम्ही अडकला असता."

मी ते सगळं सांगितलं. संयोगिताने त्याला मनापासून हात जोडले. त्यानेही जोडले. मग चहा झाला, तो कुणालाच नीट लागला नाही, आणि जीप गेली. धैर्यशीलशी पुढे कुणाचा काही संबंध आला नाही. पण संयोगिता अजूनही त्याचं नाव निघालं की म्हणते, माणूस सरळ होता.

जीप वळल्यावर आप्पा चपला घालून शेडकडे निघून गेले. मी बशा गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात नेल्या. आता काकी मला बोलणार, याची मी तयारी करून ठेवली होती. वर्षभराने आलेलं स्थळ माझ्या तोंडून मोडलं होतं. संयोगिता दारात अंबाड्यातली पिन काढत उभी होती.

काकी खालीच, ओट्याला पाठ टेकून, फरशीवर बसल्या.

"पद्मा," त्या म्हणाल्या. "ही अशी बोलती?"

"अशी म्हणजे?"

"एवढं सगळं?"

"याहून जास्त, काकी. आज पाहुणे होते म्हणून बेतानं बोलली."

काकी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, हिच्या मनात थोडंच काही असंल. भूक, झोप, राग, कपडे. आमचं तेवढंच चालायचं ना. मी बोट दाखवायची, ती बोट दाखवायची. शाळेत मास्तरीण म्हणायच्या, घरात हातवारे करू नका, बोलायची सवय लागंल. म्हणून आम्ही तेबी कमी केलं. आज ती त्या माणसाशी बोलत होती, म्हणजे तू, म्हणजे ती... मला कळंना ही कुणाची पोरगी आहे."

मी हे सगळं सांगत होते. संयोगिता हळूहळू येऊन आईसमोर खाली बसली. साडीचा घोळ तिने गुडघ्यांत दाबून धरला.

"हिला एक विचार," काकी म्हणाल्या. "मला फार दिवसांपासून विचारायचं आहे. विचारायचं कसं तेच कळत नव्हतं."

"तुम्हीच विचारा, काकी. तिच्याकडे बघून. मी मध्ये नाही असं समजा."

काकींनी लेकीकडे बघितलं. "तुला शाळेत सोडून आलो, पहिल्यांदा. सहा वर्षांची होतीस. निवासी शाळा, परका गाव. बाकीची पोरं गेटाला धरून रडत होती. तू रडली नाहीस. नुसती बघत उभी राहिलीस. त्या तुझ्या बघण्यानं मला किती महिने झोप लागली नाही. तेव्हा तुला काय वाटलं होतं गं?"

संयोगिताने खिडकीकडे बघितलं, मग हातांकडे. मग बोलायला लागली. इतक्या सावकाश ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

"मला नवा फ्रॉक घातला होता," मी म्हणत होते. "कुठे चाललोय ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं लग्नाला चाललोय. मग मोठं गेट आलं. आत खूप मुलं. एका बाईंनी माझा हात धरला. तुम्ही त्यांच्याशी बोललात. बराच वेळ बोललात. माझ्याकडे बघत होतात आणि बोलत होतात."

पुढची खूण मला कळली नाही. एका हाताने काहीतरी पुढे करायचं, दुसऱ्या हाताने काहीतरी घ्यायचं, मध्ये हात एकमेकांना ओलांडून जायचे. शाळेच्या हॉस्टेलमधली जुनी खूण असावी. कुठल्याही ॲपमध्ये मी ती बघितली नव्हती. मी म्हणाले, "पुन्हा." तिने पुन्हा केली. मला तरीही कळेना. मग संयोगिताने अभिनय करून दाखवला. डोक्यावर पाटी घेतलेली बाई. दारात पाटी उतरवते. घरातली बाई जुनी लुगडी आणते. एकेक उलगडून दाखवते, घासाघीस करते, कपडे देते, आणि पाटीतलं एक लखलखीत पातेलं उचलून घरात नेते.

"बोहारीण," काकी म्हणाल्या.

आणि मग मला कळलं. पण ते मला बोलायचं होतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली.

"आई, मला वाटलं, तू मला बदलायला आणलंयस," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटत होता. "जुने कपडे देऊन पातेलं घ्यायचीस तशी. मला ऐकू येत नाही, म्हणून मला तिथं द्यायचं आणि ऐकू येणारी घेऊन जायची. तिथं पुष्कळ मुली होत्या. मी त्या सगळ्यांकडे बघत होते. यातली कुठली नेणार, ते बघत होते. रडले असते तर डोळे भरले असते आणि तुम्ही कुठली नेली ते मला दिसलं नसतं."

काकींचा हात तोंडावर गेला.

"आणि तुम्ही गेलात तेव्हा तुमच्याबरोबर कुणी नव्हतं. मला वाटलं, दुसऱ्या दारानं दिली असेल. दिवाळीला आप्पा मला घ्यायला आले. तेव्हा मला वाटलं, थोडे दिवस नेतायत. घरी आल्यावर मी आधी तिला शोधलं."

"शोधलं?" काकी म्हणाल्या. "पद्मा, थांब. थांब जरा. त्या दिवाळीला ही आली ना, चप्पलसुद्धा काढली नाही. सगळं घर धुंडाळलं. माडी, कोठीची खोली, कपाटं उघडून बघितली. पलंगाखाली वाकली. हिची आजी म्हणाली, बघा पोरगी कशी, आपलं घर विसरली नाही. आम्ही सगळे हसलो. मी हिला लाडू दिला आणि..." त्या थांबल्या. "तिला शोधत होती?"

मी ते सांगितलं. संयोगिताने हो म्हटलं. त्यासाठी मला काही बोलावं लागलं नाही.

"सापडली नाही, म्हणून बरं वाटलं का?" काकींनी विचारलं.

"नाही," मी संयोगिताच्या वतीने म्हणाले. "मला वाटलं मी येणार म्हणून तिला कुठेतरी ठेवलंय. बरीच वर्षं वाटायचं. आता नाही वाटत. आता मला माहीत आहे. पण तेव्हाचं मला कधी कुणाला सांगताच आलं नाही."

बाहेर शेडमधून आप्पांच्या खोकल्याचा आवाज आला. काकी काहीतरी बोलायला गेल्या. ओठ हलले, मी हात उचलले, पण शब्द आला नाही. पुन्हा त्या बोलायला गेल्या आणि पुन्हा तसंच झालं. मग त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, राहू दे अशी, आणि गुडघ्यावर हात रोवून उठल्या.

त्यांनी संयोगिताचं मनगट धरलं आणि तिला उठवलं. ओढतच बाहेर नेलं. मी जागची हलले नाही. मला फक्त आवाज येत होते. कोठीच्या खोलीची कडी निघाली. दार भिंतीवर आदळलं. मग देवघराचं. मग माजघरातल्या लोखंडी कपाटाचं, किल्ली फिरल्याचा आणि दोन्ही दारं करकरल्याचा आवाज. जिन्यावर दोघींची पावलं, वर खिडक्या उघडल्याचा आवाज. पलंग सरकवला गेला. संयोगिताचा तो आवाज आला, जो ती स्वतः कधी ऐकत नाही, हसणं आणि रडणं एकत्र आलं की तिच्या गळ्यातून निघतो तो.

मग त्या खाली आल्या आणि मागच्या दाराने, माझ्याकडे न बघता, अंगणातून शेडकडे गेल्या. काकींच्या डोक्यावरचा पदर पडला होता, संयोगिताच्या निऱ्या सुटत आल्या होत्या. आप्पा आतून उठून पुढे आले, "काय झालं?" म्हणाले. काकींनी त्यांना हाताने बाजूला केलं, शेडची हिरवी जाळी धरून वर उचलली, आणि लेकीला आतली एकेक रांग दाखवायला लागल्या.